गुण्यात न बसणारा रेझर

दाढी ओली करायची की कोरडी, या प्रश्नाचा निकाल नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन शहराने 1939 सालीच लावून टाकला होता. फिलिप्समधल्या अलेक्झांडर होरोविट्झ या इंजिनिअरने बनवलेलं, गोल फिरणाऱ्या पात्यांचं विजेवरचं दाढीयंत्र त्या वर्षी बाजारात आलं. अमेरिकेत शिक कंपनीचं यंत्र त्याच्या आधीपासून विकलं जात होतं, पण त्याची पाती पुढेमागे सरकायची. होरोविट्झने ती फिरती केली. 1950 मध्ये उत्तरेकडे फ्रीसलंड प्रांतातल्या द्राख्तन गावी कारखाना निघाला आणि फिलिशेव्ह हे नाव घरोघरी झालं. आइंडहोव्हनमध्ये ज्या जागी 1891 साली फिलिप्सने दिवे बनवायला सुरुवात केली, तिथे आता संग्रहालय आहे. पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथे नेतो आणि गाव किती पुढारलेलं आहे ते आपणच केल्यासारखं दाखवतो.

अशा गावात राहून मी ब्रश, साबण आणि सुट्या पात्याच्या दाढीच्या नादी लागलो. त्यातही साधा रेझर मला पुरला नाही, तिरका लागला. त्या नादात मी एक जुनी चांगली वस्तू मोडली, एका अनोळखी म्हाताऱ्याची बदनामी केली, पासपोर्टवर स्वतःचा चेहरा बिघडवून घेतला आणि शेवटी वडिलांचं रक्त काढलं. क्रमाने सांगतो.

सुरुवात कंजूषपणातून झाली. माझी दाढी राठ. गळ्याखालचे केस कातडीला चिकटून आडवे वाढतात, ते फिलिप्सच्या जाळीत शिरतच नाहीत. त्यामुळे बरीच वर्षं मी आधी तीन आणि मग पाच पात्यांची कार्ट्रिजं वापरली. ती इथल्या दुकानांत अलार्म लावलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात बंद असतात. किंमत वाचली की चोराबद्दल जरा सहानुभूती वाटते. एकदा तुर्की किराणा दुकानात कोथिंबीर आणायला गेलो, तर गल्ल्याच्या मागे डर्बीच्या ब्लेडची पाकिटं टांगलेली. 1964 मध्ये नेदरलँड्सने तुर्कस्तानशी कामगारांचा करार केला, माणसं आली, त्यांच्या मागून त्यांचे न्हावी आले आणि न्हाव्यांच्या मागून ही पाकिटं. एक ब्लेड तेव्हा दहा सेंटच्या आसपास. शेजारी आर्कोच्या साबणाच्या कांड्या होत्या. मी कोथिंबीर विसरून घरी आलो.

सांगलीला माझे वडील, अण्णा, सेव्हन ओ'क्लॉकचं एक ब्लेड आठवडाभर पुरवायचे. धार गेली की काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला बोटाने दाबून ते गोल घासायचे आणि त्यातून आणखी दोन दाढ्या काढायचे. मग ते आईकडे शिवण उसवायला जाई, आणि अर्धा तुकडा आम्हा भावांकडे पेन्सिलला टोक करायला. अशा घरात वाढलेल्या माणसाला पाच पात्यांचं कार्ट्रिज फेकताना दर वेळी कुणीतरी बघतंय असं वाटतं.

ब्लेड मिळालं, आता रेझर हवा होता. तो 2014 च्या राजाच्या दिवशी मिळाला. त्याआधी हा सण राणीचा होता आणि 30 एप्रिलला असे. विलेम-अलेक्झांडर गादीवर आल्यावर तो 27 एप्रिलला गेला, आणि पहिल्याच वर्षी 27 ला रविवार आल्यामुळे 26 लाच उरकला. त्या दिवशी कुणीही विनापरवाना रस्त्यावर चादर अंथरून घरातलं नकोसं सामान विकू शकतं. सगळा देश नारिंगी कपडे घालून एकमेकांची अडगळ विकत घेतो. एका आजोबांच्या चादरीवर कॉफीच्या गिरणीशेजारी जुना रेझर होता, दांड्यावर जर्मनी असं कोरलेलं. तीन युरो म्हणाले, मी दोन दिले. कागदात गुंडाळताना ते रेझरच्या डोक्यावर बोट ठेवून बराच वेळ काहीतरी समजावत होते. माझं डच तेव्हा इतपत होतं की समोरच्याला मला कळतंय असं वाटावं. मी मान डोलवत राहिलो.

घरी येऊन तो उकळत्या पाण्यात धुतला, ब्लेड बसवलं आणि पाहतो तर डोकं तिरकं. दांड्याशी काटकोनात नाहीच. एक टोक वर, एक खाली, आणि ब्लेडला मधे पीळ पडलेला. मी यंत्रांच्या आरेखनावर पोट भरतो. ऑफिसात आमची भांडणं मायक्रॉनवरून होतात. दोन पृष्ठभाग समांतर नसले की मला दुसरं काही सुचत नाही. गुण्या लावून पाहिला, चांगला ठळक कोन होता. म्हटलं, कुणाच्या तरी हातून पडला असणार. गॅरेजमध्ये गेलो, डोक्याभोवती फडकं गुंडाळून ते व्हाइसमध्ये धरलं आणि पक्कड घेतली.

जुने स्वस्त रेझर बऱ्याचदा झमाकचे असतात. जस्तात थोडं ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं घालून केलेला हा मिश्रधातू साच्यात छान ओतता येतो, वर मुलामा चढवला की पोलादी वाटतो, पण जोर लावला की वाकण्याऐवजी मोडतो. हे मला ठाऊक होतं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला यावर टीप लिहून मार्क मिळवले होते. तरी दाबलं. एक छोटा कोरडा आवाज झाला आणि मधला आटे असलेला खुंटा डोक्यापासून सुटून फडक्यात पडला.

इथपर्यंत नुकसान दोन युरोंचं. खरा पराक्रम पुढचा. पुढचे कित्येक आठवडे मी ऑफिसात, मित्रांत, मराठी मंडळाच्या जेवणात ही गोष्ट रंगवून सांगितली: डच म्हातारा, गोड बोलला, वाकडा माल गळ्यात मारला. लोक हसायचे. आपण परदेशात फसवले गेलो या गोष्टीला मराठी माणसात कायमचा श्रोतृवर्ग असतो. एके दिवशी ऑफिसातल्या निवृत्तीला आलेल्या एका सहकाऱ्याने तुकडे बघायला मागितले. मी दुसऱ्या दिवशी ते डब्यातून नेले. त्याने ते तळहातावर जुळवून पाहिले आणि म्हणाला, असा रेझर माझ्या आजोबांकडे होता. मग जरा थांबून, शक्य तितक्या सभ्यपणे: तो तिरकाच असतो.

म्हणजे ते आजोबा चादरीपाशी उभे राहून मला नेमकं हेच सांगत होते.

तिरकेपणाचं कारण कुठल्याही मराठी स्वयंपाकघरात दिसतं. पिकलेला टोमॅटो विळीच्या पात्यावर सरळ खाली दाबला तर चिरडतो. तोच पुढून मागे ओढत नेला की साल अलगद सुटते. साध्या रेझरमध्ये पातं हाताच्या ओढीला काटकोनात असतं, त्यामुळे केसाच्या पूर्ण जाडीवर धार एकदम आदळते. तिरक्या रेझरमध्ये पातं कोनात येतं, केसाला एका कडेकडून भेटतं आणि चिरत जातं. कोनात भेटल्यामुळे केसाच्या दृष्टीने धार अधिक निमुळती होते आणि जोर कमी लागतो. गिलोटिनचं पातं तिरकं असण्यामागेही हेच गणित आहे. 1792 मध्ये पॅरिसला ते सुरू झालं तेव्हा दाढीचा विचार कुणाच्या डोक्यात नसावा. शिवाय ब्लेड जेमतेम 0.1 मिलिमीटर जाडीचं. त्याला पीळ दिला की ते ताठ होतं आणि राठ केसांत थरथरत नाही. सगळं इतकं व्यवस्थित होतं की त्याबद्दल वाचताना मला रागच आला. मी जे दुरुस्त करायला निघालो होतो, तेवढीच त्या वस्तूतली अक्कल होती.

आइंडहोव्हनहून गाडीने दीडेक तासावर जर्मनीत झोलिंगन आहे. चाकू, कात्र्या, वस्तरे यांचं गाव. 1938 पासून कायद्याने तिथे बनलेल्या मालावरच ते नाव कोरता येतं. एका शनिवारी तिकडे गेलो. ग्रेफ्राथ भागात पात्यांचं संग्रहालय आहे, ते पाहिलं, तलवारींपुढे बायको कंटाळली, मग एका दुकानात मेर्कुरचा तिरका रेझर हातात घेतला. जड, गुळगुळीत, गंभीर. किंमत चाळीस युरोंच्या वर. माझ्यातले अण्णा जागे झाले. मी तो परत ठेवला आणि घरी येऊन त्याच्या निम्म्याहून कमी किमतीचा, चीनमध्ये बनलेला, निनावी तिरका रेझर मागवला.

तो स्वस्त रेझर वाईट नव्हता. हे नोंदवणं भाग आहे, कारण पुढचं सगळं त्याच्या माथी मारण्याचा मोह मला झाला होता. मुलामा कडेला जरा खरबरीत होता. ब्लेड बसवताना दोन्ही टोकं सारखी बाहेर आली आहेत का ते बघावं लागे, नाहीतर एक बाजू मऊ आणि दुसरी खवळलेली. पण तो आपलं काम करायला तयार होता. तयार नव्हतो तो मी.

पाच पात्यांच्या कार्ट्रिजने माझ्या हाताला दोन सवयी लावल्या होत्या. एक, दाबायचं. त्याचं डोकं बिजागरीवर हलतं, आपण कितीही दाबलं तरी ते गालावर सपाट पडतं आणि चुका पोटात घालतं. दुसरी, कोनाचा विचार करायचाच नाही. सुट्या पात्याच्या रेझरला स्वतःचं वजन पुरतं आणि कोन आपला आपण राखावा लागतो, कातडीशी साधारण तीस अंश. तिरक्या रेझरला तर आणखी कमी जोर लागतो, त्यासाठीच तो आहे. मी मात्र त्यात जपानचं फेदर ब्लेड घातलं, कारण ते सर्वांत धारदार म्हणून प्रसिद्ध आहे, आणि वर अंगठ्याने दाबून ओढलं.

पण या सगळ्याहून वरचढ चूक मनगटाची होती. आरशात डोकं तिरकं दिसायचं. मला ते बघवेना. नकळत मी मनगट वळवून ते आरशात सरळ दिसेपर्यंत फिरवत होतो आणि मग खाली ओढत होतो. पातं पुन्हा ओढीला काटकोनात. पकडीने जे जमलं नव्हतं ते मी मनगटाने रोज करत होतो. चिरणं बंद, खरवडणं सुरू. गळ्यावर लाल पुरळ आलं, हनुवटीखाली छोटे छोटे काप. ऑफिसात कुणी काही विचारलं नाही. डच लोक तुमचा पगार सोडून बाकी सगळ्याबद्दल स्पष्ट बोलतात असं म्हणतात. जखमी हनुवटीबद्दल मात्र तेही बोलत नाहीत.

त्याच काळात आमचं नागरिकत्वाचं पत्र आलं. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे या निर्णयाला घरात बरीच वर्षं लागली होती. 2006 पासून इथे नागरिकत्वाचा समारंभ सक्तीचा आहे. नगरपालिकेत कॉफी आणि केक असतो, महापौर किंवा त्यांच्या वतीने कुणीतरी भाषण करतं, आपण उभं राहून प्रतिज्ञा घेतो. तो समारंभ नीट पार पडला, कारण त्या सकाळी बायकोने रेझर लपवून ठेवला होता आणि मी जुन्या कार्ट्रिजने दाढी केली होती. पासपोर्टचा फोटो मात्र नंतर एका सकाळी काढायचा होता. त्या दिवशी लपवायचं तिच्या लक्षात राहिलं नाही.

मी नवं फेदर घातलं. प्रसंग मोठा म्हणून दाढी गुळगुळीत हवी, म्हणून साबण पुन्हा लावून उलट्या हाताने फिरवला. हनुवटीच्या उजव्या कडेला, जिथे हाड वळतं, तिथे रेझर क्षणभर अडकला. अशा वेळी हात थांबवायचा असतो. मी जोर वाढवला.

फोटो काढणाऱ्या बाईंनी हनुवटीवरचा टिशूचा तुकडा काढायला सांगितला. काढला की रक्त, पुसलं की पुन्हा. नेदरलँड्समध्ये पासपोर्टच्या फोटोचे नियम कडक आहेत. चेहरा जसा आहे तसाच हवा, कॉम्प्युटरवर डाग पुसायचे नाहीत. त्या म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात या ना. समजूतदार सल्ला होता. पण नगरपालिकेची वेळ ठरली होती आणि भारताची तिकिटं काढून झाली होती. मी म्हटलं, काढा. त्यांनी काढला. 9 मार्च 2014 पासून इथे मोठ्या माणसांचा पासपोर्ट पाच ऐवजी दहा वर्षं चालतो, आणि त्याबद्दल सगळ्यांना आनंद झाला होता. मलाही. तो फोटो दाखवून मी पुढची सगळी वर्षं सीमा ओलांडल्या. सुजलेली लाल मान, हनुवटीवर गडद रेघ आणि कुणाशी तरी नुकतीच मारामारी करून आलेल्या माणसाची नजर. मुंबईच्या विमानतळावर एका तरुण अधिकाऱ्याने फोटो पाहिला, मला पाहिलं, परत फोटो पाहिला आणि सहानुभूतीने शिक्का मारला.

त्यानंतर मी शिकलो, पण त्यात सांगण्याजोगं फारसं काही नाही. केस दोन-तीन मिनिटं गरम पाण्याने भिजवावे. दांडा अगदी खालच्या टोकाला दोन बोटांनी धरावा, म्हणजे दाबायची सोयच उरत नाही. डोकं तिरकं दिसतंय ते तिरकंच राहू द्यावं आणि हात सरळ खाली आणावा. फेदर कपाटात ठेवून डर्बीवर परतलो. हळूहळू दाढी खरोखर चांगली होऊ लागली. गळ्याखालचे आडवे केस जिंदगीत पहिल्यांदा गेले. आर्कोचा वास मात्र घरात कुणाला सोसला नाही, तो साबण सायकलींच्या शेडमध्ये राहतो.

माणसाला एखादी गोष्ट कष्टाने आली की तो गप्प बसत नाही. मी प्रचारक झालो. गणपतीत आलेल्या प्रत्येक पुरुषाची हनुवटी निरखायचो. मित्रांना वाढदिवसाला स्वस्त तिरका रेझर देऊ लागलो, सोबत तोंडी व्याख्यान, विळी आणि गिलोटिनसकट. एकदा स्खिपोल विमानतळावर हातातल्या बॅगेत ब्लेड चढवलेला रेझर सापडला. दांडा चालतो, सुटं ब्लेड चालत नाही, आणि हे मला माहीत असायला हवं होतं. तिथल्या माणसाने ब्लेड काढून घेतलं. मी त्यालाही तिरकेपणाचं कारण सांगायला लागलो होतो. मागची रांग फार संयमी होती.

अशाच एका फेरीत अण्णांसाठी एक नवा रेझर सांगलीला नेला.

अण्णा ऐंशी ओलांडलेले. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी स्वतः दाढी करणं सोडलं होतं. विश्रामबागेतल्या सलूनमधला त्यांचा नेहमीचा कारागीर एक दिवसाआड घरी यायचा, गप्पा मारत दाढी करायचा, शेवटी तुरटी फिरवायचा आणि जाताना चहा घ्यायचा. अण्णांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, त्यासाठी त्यांना रक्त पातळ करणारी गोळी होती. तसं म्हणतात एवढंच. रक्त पातळ होत नाही, गोठायला वेळ लागतो. आठवड्याच्या वारांचे खण असलेली गोळ्यांची डबी मीच नेदरलँड्सहून आणली होती आणि घरी असलो की मीच ती भरायचो. म्हणजे मला माहिती नव्हती असं म्हणायला जागा नाही.

सोमवार होता. सलून बंद, कारागीर येणार नव्हता. संध्याकाळी अण्णांच्या निवृत्त शिक्षकांचं वर्षातून एकदा होणारं संमेलन होतं. मी म्हटलं, अण्णा, मी करतो. ते म्हणाले, "कशाला? उद्या तो येईल." मी म्हटलं, संमेलन आज आहे. यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, किंवा असलं तरी त्यांनी दिलं नाही. खुर्ची गच्चीवर उन्हात ठेवली, टॉवेल गळ्याला बांधला आणि ब्रशने फेस केला. मुलाने बापाची दाढी करावी, हे मला त्या वेळी फार सुंदर वाटत होतं. मी भावाला फोटो काढायलाही सांगितलं.

पहिला हात उत्तम झाला. त्यांची सैल झालेली कातडी मी डाव्या हाताने ताणून धरत होतो, रेझर आपल्या वजनाने उतरत होता. अण्णा डोळे मिटून बसले होते. तेवढ्यावर टॉवेल सोडायला हरकत नव्हती. पण खालच्या जबड्याशी बोट फिरवलं तर किंचित खरखर लागली. ऐंशी वर्षांच्या माणसाला ती लागू द्यायला काय हरकत होती? मी पुन्हा फेस लावला आणि उलटा हात घेतला.

कारागिराने अण्णांना कित्येक वर्षांत उलटा हात मारला नव्हता, हे मला नंतर कळलं. जबड्याच्या कडेखाली, कातडीच्या घडीत, त्यांना एक बारीक चामखीळ होती. कारागिराला तिची जागा पाठ होती. तो तिथे बोट ठेवून वळसा घालायचा. मला ती दिसली नाही. तिरक्या पात्याला दिसण्याची गरज नसते. राठ केस ज्या सहजतेने जातो, त्याच सहजतेने ते चामखिळीच्या डोक्यातून गेलं. मला हाताला काही जाणवलंसुद्धा नाही. फेस गुलाबी झाला तेव्हा कळलं.

तुरटी लावली. तुरटी कातडी आवळून बारीक ओरखड्याचं रक्त थांबवते. या गोळीपुढे ती काही करू शकत नाही. मग बर्फ, मग रुमाल. मी दर दोन मिनिटांनी रुमाल उचलून थांबलं का ते बघत होतो. टॉवेल लाल झाला, बनियन लाल झालं, आणि अण्णा मला धीर देत होते, "होईल, होईल." भावाने शेवटी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, दाबून धरा आणि घड्याळाकडे बघा, जखमेकडे नको. उचलून बघाल तेवढ्या वेळा जमलेली गुठळी निघेल. म्हणजे रक्त थांबण्याच्या आड रेझरनंतर मीच येत होतो. भावाने माझ्या हातातून रुमाल घेतला. त्याने धरल्यावर ते थांबलं.

संमेलन हुकलं. अण्णांनी रात्री जेवताना एवढंच म्हटलं, "धार चांगली आहे हो तुझ्या यंत्राला."

आठवड्याने मी परत आलो. एवढ्यावर संपलं असतं तर ती घरात हसून सांगायची गोष्ट झाली असती. पण काही दिवसांनी भावाचा फोन आला. अण्णांच्या डबीत गोळ्या शिल्लक राहत होत्या. बाकीच्या सगळ्या गेलेल्या, तेवढी एक प्रत्येक खणात तशीच. विचारल्यावर म्हणाले, त्या दिवशी किती रक्त गेलं पाहिलंस ना, ती गोळी चांगली नव्हे. त्यांच्या दृष्टीने तर्क पक्का होता. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या पुराव्यावर उभा होता, आणि तो पुरावा मी दिला होता. ज्या गुठळीला अडवायला ती गोळी होती, ती मेंदूकडे गेली असती तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी भावाला फोनवर सांगितलं आणि भावाने मला जसंच्या तसं ऐकवलं. तसं झालं नाही. त्यात आमच्यापैकी कुणाचीही हुशारी नव्हती. अण्णांना गोळी पुन्हा सुरू करायला पटवण्यात भावाचे बरेच दिवस गेले. मी फोनवर बोललो की ते "हो, हो" म्हणत आणि विषय बदलत. शेवटी कारागिराने त्यांना पटवलं, की त्याच्या चार गिऱ्हाइकांना तीच गोळी आहे आणि तो रोज त्यांची दाढी करतो. मला भाऊ म्हणाला, "दादा, पुढच्या वेळी चॉकलेटं आण."

पुढच्या वेळी मी चॉकलेटं नेली. स्नानघरातल्या फळीवर रेझर दिसला नाही. अण्णांना विचारलं तर म्हणाले, दिला. कारागिराच्या मुलाला नुकतंच मिसरूड फुटलं होतं, बाप त्याला दुकानातला वस्तरा हाताळू देत नव्हता, म्हणून अण्णांनी तो त्याला देऊन टाकला होता. माझ्या पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी कारागीर आला तेव्हा मुलगा सोबत होता, दहावीतला असावा. हनुवटी, गळा, कानाखाली, सगळीकडे नजर फिरवली. कुठे ओरखडासुद्धा नाही.

त्याला विचारलं, कसा धरतोस? त्याने हवेतच हात सरळ खाली आणून दाखवला. दाब नाही, मनगट वळलेलं नाही. मी म्हटलं, कुणी शिकवलं? त्याला प्रश्न कळला नाही. मग मी विचारलं, रेझरचं डोकं वाकडं आहे, ते खटकलं नाही का? त्याने बापाकडे पाहिलं आणि जरा ओशाळून म्हणाला, "वाकडं आहे होय, काका? मला वाटलं रेझर असेच असतात."